मूल रडलं की काही आईबापांचा हात का उठतो?

दिवाळीनंतर नंदुरबार जिल्ह्यातली अनेक आदिवासी कुटुंबं ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. तान्हं मूल फडाच्या कडेला, मोठ्या भावंडाकडे. पहाटेपासून राबलेल्या आईसमोर ते रडत सुटलं आणि तिने धपाटा घातला, तर तिला माया नाही असं म्हणायचं का?

१९८० मध्ये अमेरिकेत अ‍ॅन फ्रोडी आणि मायकेल लॅम यांनी मुलांशी गैरवर्तन केलेल्या आणि न केलेल्या आयांना रडणाऱ्या व हसणाऱ्या बाळांच्या चित्रफिती दाखवल्या. गैरवर्तन केलेल्या आयांच्या हृदयाचे ठोके रडणं ऐकून जास्त वाढले. त्यांना त्रास जास्त झाला, कणव कमी वाटली. अभ्यास छोटा होता, पण त्यातली पुढची गोष्ट चक्रावणारी आहे: हसरं बाळ पाहूनही त्यांचं शरीर तसंच ताणलं गेलं. म्हणजे रडणं तर दूरच, मूल समोर असणं हाच ताण झाला होता. स्वतःचीच घालमेल इतकी मोठी झाली की मुलाची दिसेनाशी होते.

मग निर्णय कसा होतो? मानसशास्त्रज्ञ जोएल मिलनर यांच्या १९९३ च्या मांडणीनुसार पालक आधी मुलाचं वागणं टिपतात, त्याचा अर्थ लावतात, दुसरं काही कारण असेल का हे पाहतात आणि मग कृती करतात. ताणाखाली यातली तिसरी पायरी गळते. भूक, ताप, अपुरी झोप यांचा विचारच होत नाही. ‘मुद्दाम करतोय’ एवढंच उरतं, आणि मार म्हणजे शिस्त वाटू लागते.

हे फक्त पाड्यांवर घडतं असं समजू नका. केंद्र सरकारच्या २००७ च्या अहवालासाठी महाराष्ट्रासह १३ राज्यांत १२,४४७ मुलांशी बोलणं झालं. त्यातल्या दर तिघांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसला होता. कुटुंबात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. शहरी फ्लॅटचं दार बंद असतं, एवढाच फरक.

मुलांच्या छळाला बाल न्याय कायद्यात शिक्षा आहे, आणि मदतीसाठी १०९८ हा क्रमांक. पण हात उठण्याआधीचा उपाय साधा आहे: मूल सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटं बाजूला व्हायचं. फडावर मात्र ते मूल बहुतेकदा सात-आठ वर्षांच्या ताईच्याच कडेवर जातं.