हिशेब मागणारी माया

सोडून आलेल्या गावाविषयीचे लेखन बहुधा गोड असते. अंतर पडले की गावातील धूळ, भाऊबंदकी आणि नळावरची रांग विसरली जाते आणि उरते ती पारावरची सावली. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन या वाळवंटी शहराविषयी चार्ल्स बाउडन या लेखकाने जे लिहिले, ते मात्र या जातीचे नाही. बाउडन यांनी या शहरावर जन्मभर माया केली आणि जन्मभर त्याला त्याच्या पाण्याचा हिशेब विचारला. अखेरच्या वर्षांत त्यांनी टूसॉन सोडले. ३० ऑगस्ट २०१४ रोजी त्यांचे निधन झाले, ते शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातील लास क्रूसेस येथे. ज्या शहरावर एवढे प्रेम, त्याच्याशीच एवढे भांडण का, या प्रश्नाचे उत्तर लेखकाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा भूजलाच्या अर्थकारणात शोधणे अधिक उद्बोधक ठरेल.

ओसाड नसलेले वाळवंट

वाळवंट म्हटले की डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. टूसॉनच्या सभोवतीचे सोनोरन वाळवंट तसे नाही. तेथे पावसाचे दोन हंगाम आहेत: हिवाळ्यातील मंद सरी आणि जुलै ते सप्टेंबर या काळातील गडगडाटी पाऊस. या उन्हाळी पावसाला तेथील लोकही मॉन्सूनच म्हणतात. दोन्ही हंगाम मिळून वर्षाकाठी सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसावर तेथे सग्वारो नावाचा महाकाय निवडुंग उभा राहतो. तो दीडशे वर्षांहून अधिक जगू शकतो, आणि त्याला बाजूची पहिली फांदी फुटायलाच बहुधा पन्नास ते पाऊणशे वर्षे लागतात.

या प्रदेशात शतकानुशतके राहिलेल्या ओऽधाम लोकांनी आपला संसार याच पावसाच्या मापाने बेतला. ओढ्यांना पूर येई तेव्हा त्यांच्या मुखाशी पसरणाऱ्या पाण्यावर ते शेते करीत आणि दोन-अडीच महिन्यांत हाती येणारी टेपरी नावाची शेंगवर्गीय पिके घेत. शहराचे नावही त्यांच्याच भाषेतून आले आहे. काळ्या टेकडीचा पायथा, असा त्याचा अर्थ. १७७५ मध्ये स्पॅनिश सैन्याने येथे ठाणे वसवले, ते सांता क्रूझ नदीला त्या वेळी पाणी होते म्हणून.

दुसऱ्या महायुद्धानंतर या गावाचे रूप पालटले. लष्करी विमानतळ, घरे थंड ठेवणारी यंत्रे, स्वस्त जमीन आणि निवृत्तांना मानवणारी कोरडी हवा यांच्या जोरावर लोकांचा ओघ लागला. १९५० मध्ये शहराच्या हद्दीत सुमारे ४५ हजार लोक राहत होते. हद्दवाढीमुळे १९६० मध्ये हा आकडा दोन लाखांच्या पुढे गेला, १९८० मध्ये तो ३ लाख ३० हजार झाला आणि २०२० च्या जनगणनेत ५ लाख ४० हजारांवर पोचला. ऊन, निळे आकाश आणि निवडुंगांचे रान हाच या शहराचा विक्रीचा माल होता. तो विकला जाई तसतसे रान मागे सरत गेले. येणारा प्रत्येक जण वाळवंटाच्या ओढीने येई आणि आपल्या येण्याने थोडे वाळवंट कमी करी.

१९४५ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे जन्मलेले बाउडन हेही अशाच एका स्थलांतरित कुटुंबातील. लहानपणीच ते टूसॉनला आले. म्हणजे ज्या वाढीवर त्यांनी पुढे कोरडे ओढले, त्याच वाढीच्या लाटेबरोबर ते स्वतः तेथे पोचले होते. त्यांच्या लेखनात उपदेशकाचा सूर कमी आणि साक्षीदाराचा अधिक आहे, त्याचे एक कारण हे असावे.

मुद्दल आणि व्याज

१९७७ मध्ये बाउडन यांचे 'किलिंग द हिडन वॉटर्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नावातच विषय आला: दडलेल्या पाण्याची हत्या. टूसॉन त्या काळी अमेरिकेतील केवळ भूजलावर जगणाऱ्या मोठ्या शहरांपैकी एक होते. हे पाणी खोऱ्यातील गाळाच्या थरांत हजारो वर्षांत साठलेले. दरसालच्या पावसाने त्यात पडणारी भर म्हणजे व्याज, आणि मूळ साठा म्हणजे मुद्दल. व्याजावर जगणारे घर पिढ्यान्पिढ्या चालते. मुद्दलाला हात घालणारे घर काही काळ अधिक संपन्न दिसते, आणि हीच त्यातील फसवणूक आहे. ओऽधाम व्याजावर जगले. पंप हाती आलेल्या समाजाने मुद्दल काढायला आरंभ केला आणि त्यालाच उत्पन्न म्हटले.

बाउडन यांच्या मांडणीतील महत्त्वाचा भाग असा की, पाण्याचा प्रश्न त्यांनी ऊर्जेच्या प्रश्नाशी जोडला. भूजल खोल जाते तसे ते वर आणण्यास अधिक इंधन लागते. पाणी पूर्णपणे संपण्याच्या कितीतरी आधी ते परवडेनासे होते. ॲरिझोनाच्या वाळवंटाबरोबर टेक्ससच्या उंच पठारावरील शेतीचे उदाहरणही त्यांनी याच सूत्राने तपासले.

येथे बाजाराचा नेहमीचा नियम लंगडा पडतो. दुर्मीळ वस्तूची किंमत वाढते आणि तिचा वापर आपोआप कमी होतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. परंतु नळाच्या बिलात पंपाची वीज असते, नळ्यांची झीज असते, कर्मचाऱ्यांचे पगार असतात. खुद्द पाण्याची किंमत मात्र शून्य धरलेली असते. शिवाय एकाने न उपसलेले पाणी त्याच्या नावे शिल्लक राहत नाही. शेजारचा पंप ते ओढून घेतो. अशा स्थितीत काटकसर करणारा मूर्ख ठरतो आणि उधळ्या शहाणा. टूसॉनच्या खोऱ्यात शहराबरोबर शेतमळे होते, तांब्याच्या मोठ्या खाणी होत्या, आणि सर्वांचे पंप एकाच साठ्यात उतरलेले होते.

याची किंमत प्रथम मोजली ती ज्यांनी उपसा केलाच नव्हता त्यांनी. सांता क्रूझचा वाहता प्रवाह आटला. शहराच्या दक्षिणेस ओऽधामांच्या सान झेवियर वसाहतीजवळ मेस्किट वृक्षांचे विस्तीर्ण बन होते. हा वृक्ष आपल्याकडील वेड्या बाभळीच्या कुळातला. त्याची मुळे फार खोल जातात. पाण्याची पातळी त्या मुळांच्याही आवाक्याबाहेर गेली आणि बन उभ्या उभ्या वाळले. अखेर १९७५ मध्ये संघ सरकारने या लोकांच्या वतीने टूसॉन शहर, खाणी आणि मोठे शेतकरी यांच्यावर दावा लावला. त्याची परिणती १९८२ च्या पाणीहक्क कायद्यात झाली.

दरवाढ आणि मतपेटी

बाउडन यांचे पुस्तक ज्या वर्षी आले, त्याच वर्षी टूसॉनमध्ये एक बोलकी घटना घडली. १९७६ च्या उन्हाळ्यात नगरपरिषदेने पाण्याचे दर भरघोस वाढवले होते. डोंगरउतारावरील वस्त्यांना पाणी चढवण्याचा खर्च त्यांच्याकडूनच घ्यावा, असाही विचार त्यात होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे पाऊल योग्य होते. राजकारणाच्या दृष्टीने आत्मघातकी ठरले. जानेवारी १९७७ मध्ये मतदारांनी दरवाढीच्या पुरस्कर्त्या नगरसेवकांना परत बोलावले. पण मतपेटीने नगरसेवक बदलता येतात, भूजलाची पातळी बदलता येत नाही. नव्या मंडळींनाही दर पूर्वस्थितीवर आणता आले नाहीत. त्याच वर्षी ऐन उन्हाळ्यातील सायंकाळच्या पाणीवापराला आळा घालण्यासाठी शहराने लोकशिक्षणाची मोहीम काढली.

१९८० मध्ये ॲरिझोनाने भूजल व्यवस्थापनाचा कायदा केला. टूसॉनसह प्रमुख क्षेत्रांत २०२५ सालापर्यंत उपसा आणि भरणा यांचा मेळ घालावा, असे उद्दिष्ट त्यात होते, आणि नव्या वसाहतीसाठी शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवण्याची अटही पुढे आली. मुद्दल आणि व्याज यांतील फरक कायद्याने प्रथमच मान्य केला. राज्याच्या ग्रामीण भागाचा बराच हिस्सा मात्र या बंधनांबाहेर राहिला.

दुसरा उपाय कालव्याचा. १९६८ मध्ये मंजूर झालेला मध्य ॲरिझोना प्रकल्प कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे ५४० किलोमीटर दूर, साडेआठशे मीटरहून अधिक उंच चढवून टूसॉनपर्यंत आणतो. १९९२ च्या अखेरीस हे पाणी नळांना आले, तेव्हा जुन्या नळ्यांतील गंज सुटून घराघरांत तांबूस पाणी येऊ लागले. दोन वर्षांत पुरवठा थांबवावा लागला आणि १९९५ मध्ये मतदारांनी हे पाणी थेट नळाला सोडण्यावर निर्बंध घातले. त्यातून निघालेला मार्ग मात्र सुज्ञपणाचा होता. शहराने नदीचे पाणी एव्ह्रा खोऱ्यातील तळ्यांत सोडून जमिनीत मुरवायचे आणि भूजलाशी मिसळलेले ते पाणी पुन्हा उपसून घ्यायचे ठरवले. २००१ पासून असे मिश्र पाणी शहराला मिळू लागले.

भाकित चुकले काय?

बाउडन यांच्या टीकाकारांना येथे विचारता येईल की, हत्येची भाषा करणाऱ्या लेखकाचे भाकित शेवटी चुकलेच ना? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. शहराच्या मध्यभागातील भूजलपातळी गेल्या काही दशकांत वर आली आहे. लोकसंख्या वाढूनही शहराचा एकूण पाणीवापर १९८० च्या दशकाच्या पातळीवरच राहिला. हिरवळीच्या जागी खडी आणि निवडुंग लावलेली अंगणे हे टूसॉनचे वैशिष्ट्य बनले. एखादे शहर आपली सवय बदलू शकते, याचा हा दुर्मीळ दाखला आहे, आणि तो निराशेला उत्तर देणारा आहे.

तथापि जमाखर्चाची वही शेवटपर्यंत वाचायला हवी. टूसॉनने आपल्या मुद्दलावरचा बोजा उतरवला, तो कोलोरॅडो नदीच्या खात्यावर चढवून. कालव्याचे प्रचंड पंप कित्येक दशके चालले ते उत्तर ॲरिझोनातील नावाहो लोकांच्या भूमीवरील कोळशाच्या वीजकेंद्रावर. त्याच नावाहो प्रदेशात हजारो घरांना वीज वा नळाचे पाणी मिळालेले नव्हते. ते केंद्र नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये कोलोरॅडो नदीवर इतिहासात प्रथमच तुटवडा अधिकृतपणे जाहीर झाला आणि २०२२ सालासाठी ॲरिझोनाच्या वाट्यातील सुमारे १८ टक्के पाणी कापले गेले. म्हणजे पाण्याचा प्रश्न हा ऊर्जेचा प्रश्न आहे, हे १९७७ मधील सूत्र कालव्याने खोटे ठरवले नाही. त्याने हिशेबाची मुदत वाढवून घेतली, एवढेच.

मायेची मुदत

पाण्याच्या पुस्तकानंतर बाउडन 'टूसॉन सिटिझन' या दैनिकात बातमीदार झाले. १९८१ ते १९८४ या काळात त्यांनी तेथे काम केले. सीमा ओलांडून वाळवंटातून चालत येणाऱ्या स्थलांतरितांवरील त्यांचे लेखन १९८४ च्या पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम यादीपर्यंत गेले. पुढे शहराविषयीच एक मासिक त्यांनी सहकाऱ्यासह काढले. ते १९८९ पर्यंत चालले. १९८७ मध्ये 'फ्रॉग माउंटन ब्लूज' हे शहराच्या उत्तरेकडील सांता कॅटलिना डोंगरावरचे पुस्तक आले. त्याला जॅक डायकिंगा यांची छायाचित्रे आहेत. बेडूक डोंगर हे त्या पर्वताचे ओऽधाम नाव. शहर या डोंगराच्या पायथ्याला भिडले, आता त्याने थांबावे, ही त्या पुस्तकामागील कळकळ आहे. नंतर मात्र त्यांची लेखणी सीमेपलीकडील हुआरेझ शहरातील हिंसाचार आणि अमली पदार्थांचा व्यापार यांकडे वळली, आणि शेवटी त्यांचा मुक्कामही टूसॉनहून हलला. ज्या दैनिकात त्यांनी उमेदवारी केली, त्याची छापील आवृत्ती २००९ मध्ये बंद पडली होती.

त्यांच्या जाण्यामागची खाजगी कारणे शोधण्याचे कारण नाही. सार्वजनिक आहेत ती त्यांची पुस्तके, आणि त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. भविष्यातील लाभाला आज कमी किंमत देण्याची अर्थशास्त्रात रीत आहे. तिला वटाव म्हणतात. बांधकाम व्यावसायिकाची मुदत घर विकले जाईपर्यंत, नगरसेवकाची पुढील निवडणुकीपर्यंत, कर्जाची वीस-तीस वर्षे. शंभर वर्षांनंतरच्या पाण्याची आजची किंमत या सर्वांच्या वहीत जवळजवळ शून्य भरते. एखाद्या जागेवर ज्याची माया असते, तो मात्र हा वटाव लावायला तयार होत नाही. नातवंडांचे पाणी त्याला आजच्या पाण्याइतकेच खरे वाटते. मायेला अर्थशास्त्रात स्थान नाही असे म्हणतात. वस्तुतः ती वटावाचा दर खाली आणणारी शक्ती आहे.

केवळ उमाळ्याने लिहिणारे लेखक पुष्कळ आहेत आणि केवळ आकड्यांनी लिहिणारे तज्ज्ञही. उमाळ्याला हिशेब नसतो म्हणून राज्यकर्ते त्याची सभ्यपणे स्तुती करून पुढे जातात. आकड्याला जिव्हाळा नसतो म्हणून नागरिक तो वाचतच नाहीत. बाउडन यांनी दोहोंची सांगड घातली. ज्या मतदारांनी १९७७ मध्ये दरवाढ धुडकावली, त्याच शहराच्या पुढच्या पिढीने अंगणातील हिरवळ काढली. त्याचे श्रेय कायदा, दर आणि लोकशिक्षण यांना जितके, तितकेच वाळवंटाला ओसाड न मानता घर मानायला शिकवणाऱ्या अशा लेखनालाही द्यावे लागेल. लेखक शहर सोडून गेला. त्याने मांडलेला हिशेब मागे राहिला आहे. आणि ज्याला पहिली फांदी फुटायलाच पाऊणशे वर्षे लागतात त्या झाडाच्या गावात एखादा हिशेब पुरा व्हायला दोन पिढ्या लागल्या, तर त्यात नवल नाही.