मच्छरदाणीचा शोधनिबंध

शल्यचिकित्सकांच्या वार्षिक परिषदेत पदव्युत्तर विद्यार्थी मोजक्या मिनिटांत शोधनिबंध वाचतात, परीक्षक प्रश्न विचारतात आणि सरस निबंधाला पारितोषिक मिळते. सरस कशाला म्हणायचे, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर मला खानदेशातच सापडते.

धुळे जिल्ह्यातले दोंडाईचा मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध. तिथल्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियाचा प्रश्न हाती घेतला. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडे बाहेर डोकावते. तिथे जाळी बसवली, की टाक्यांवर ताण येत नाही. पण कंपनीची जाळी हमालाला, शेतमजुराला परवडावी कशी? टोणगावकरांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. इतर गावांतले शल्यचिकित्सकही या प्रयोगात सामील झाले आणि २००३ मध्ये त्यांचा एकत्रित निबंध ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त आला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर स्वस्त आणि महागड्या जाळीची तुलना झाली. वर्षभरानंतर दोन्हींच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही. हा अभ्यास २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापला.

ग्रामीण शल्यचिकित्सकांच्या संघटनेचा अंतिया-फिनसेथ पुरस्कार अशाच कल्पकतेसाठी आहे. माझे म्हणणे इतकेच, की प्रत्येक परिषदेच्या गुणपत्रिकेत एक रकाना वाढवावा : हा इलाज तालुक्याच्या गावी परवडेल का? मग धुळे-जळगावच्या विद्यार्थ्यांना विषय शोधायला लांब जावे लागणार नाही. तो बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतच उभा असतो.