चित्रकला उपजत असते की कमावलेली?

जबलपूर : भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखितातील उद्देशिकेच्या पानावर, नक्षीदार चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात तळाशी, देवनागरीत ‘राम’ अशी छोटी सही आहे. ती जबलपूरचे चित्रकार ब्योहार राममनोहर सिन्हा यांची. १९२९ मध्ये जन्मलेले सिन्हा तेव्हा अवघ्या विशीतले होते.

एवढ्या कोवळ्या वयातील हे काम पाहून ‘उपजत प्रतिभा’ हे शब्द सहज ओठांवर येतात. मात्र, त्यामागे शांतिनिकेतनातील नंदलाल बोस यांची तालीम होती. निसर्गाचे बारकाईने निरीक्षण आणि प्राचीन भारतीय कलेचा अभ्यास हा तिचा गाभा. नंदलालांनी स्वतः तरुणपणी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. गुरूचा हातही असाच घडला होता.

मग केवळ सराव पुरेसा आहे का? बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरील १९९३ च्या प्रसिद्ध अभ्यासात, सर्वोत्तम वादकांचा सराव सर्वाधिक आढळला. परंतु, २०१४ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून संगीतातील कामगिरीतला सुमारे २१ टक्केच फरक हेतुपूर्वक सरावाशी निगडित असल्याचे दिसले. म्हणजे सराव महत्त्वाचा आहे. पण तो सर्वस्व नाही. अर्थात, उरलेला सगळा फरक जन्मजात देणगीचा, असाही याचा अर्थ होत नाही.

शिकागोतील ३१ कला-विद्यार्थ्यांवरील प्रयोग इथे उपयोगी पडतो. मांडलेल्या २७ वस्तूंपैकी हव्या त्या निवडून त्यांचे चित्र काढायचे होते. ज्यांनी अधिक वस्तू हाताळल्या, काय रंगवायचे याचा शोध घेतला आणि चित्र काढतानाही मांडणी बदलली, त्यांची चित्रे परीक्षकांना अधिक मौलिक वाटली. पुढील काही वर्षांत कलाक्षेत्रात टिकून यशस्वी होण्यातही तेच पुढे राहिले. हस्तकौशल्याइतकेच कुतूहलही मोलाचे ठरले.

वर्गात या प्रश्नाचे उत्तर मुलांचे भवितव्य ठरवते. ‘याच्या हातात कला नाही’ या एका शेऱ्याने एखाद्याची पेन्सिल कायमची सुटते. कौतुकाचाही असाच धोका आहे. १९९८ च्या एका अभ्यासात, हुशारीची स्तुती झालेली मुले अपयशानंतर लवकर खचली. प्रयत्नांची स्तुती झालेली मुले मात्र चिकाटीने टिकून राहिली.

उपजत देणगी कोणाला किती मिळाली, हे शिक्षकाच्या हाती नाही. विद्यार्थ्याला पाहायला शिकवणे, त्याची ओढ जपणे आणि फसलेल्या चित्रानंतर पुन्हा कागद पुढे करणे, एवढे नक्कीच आहे.