पंक व हार्डकोअर संगीत : ऐकण्याजोग्या कांहीं नव्या ध्वनिमुद्रिका

एखाद्या सुसंस्कृत श्रोत्याच्या कानांवर हार्डकोअर संगीत प्रथमच पडलें, तर तो बहुधा उठून खिडकी लावून घेईल. गिटारींचा कर्कश गजर, ड्रमवर अविश्रांत पडणारे आघात, आणि ह्या सर्वांवर ताण करणारा गायकाचा आक्रोश ! ह्यांत संगीत म्हणावें असें काय आहे, असा प्रश्न त्याला पडला तर त्यांत नवल नाहीं. परंतु तेंच गाणें त्यानें दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा ऐकलें, तर ह्या गोंगाटाच्या पोटांत कांहीं एक शिस्त आहे, हें त्याच्या ध्यानांत आल्यावांचून राहणार नाहीं. ही शिस्त कोणती, ती कोठून आली, आणि २०२१ ते २०२५ ह्या पांच वर्षांत निघालेल्या कोणत्या ध्वनिमुद्रिकांत ती चांगल्या रीतीनें प्रकट झाली आहे, ह्याचा विचार उद्बोधक ठरेल.

हार्डकोअर हें पंक संगीताचें अपत्य होय. पंक संगीत उदयास आलें तें १९७४ ते १९७७ ह्या काळांत, न्यूयॉर्क व लंडन ह्या शहरांत. त्या वेळचें रॉक संगीत वैभवाच्या शिखरावर होतें. पण वैभवाबरोबर येणारें जाड्यहि त्याच्या अंगीं आलें होतें. गाणीं लांबत चाललीं होतीं, वादक आपलें कौशल्य दाखविण्यांत रंगून जात, आणि श्रोता मात्र प्रचंड क्रीडांगणाच्या टोंकाला बसून दुरूनच दर्शन घेई. ह्याविरुद्ध पंकनें बंड केलें. न्यूयॉर्कच्या 'रामोन्स' ह्या बँडनें १९७६ सालीं आपला पहिला संग्रह प्रसिद्ध केला. त्यांत १४ गाणीं होतीं, आणि तीं सर्व मिळून अर्ध्या तासाच्या आंत संपत. ज्याला दोन-तीन स्वरमेळ वाजवितां येतात आणि ज्याच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं आहे, त्याला गाण्याचा अधिकार आहे, हा त्या संग्रहाचा न लिहिलेला जाहीरनामा होता.

१९८० च्या सुमारास वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस इत्यादि अमेरिकन शहरांतील कोवळ्या वयाच्या मुलांनीं हा जाहीरनामा उचलला व त्याला अधिक धार लावली. गाणीं आणखी आंखूड झालीं, लय आणखी चढली, शब्द अधिक रोखठोक झाले. ह्यालाच हार्डकोअर हें नांव पडलें. वॉशिंग्टनमध्यें ह्या प्रकाराचा पाया घालणाऱ्यांत 'बॅड ब्रेन्स' ह्या कृष्णवर्णीय वादकांच्या बँडचें स्थान फार मोठें आहे. हे मूळचे जाझच्या वळणाचें संगीत वाजविणारे. त्यामुळें त्यांचा वेग हा अनाड्याच्या धांवपळीचा वेग नव्हता. हात तयार असलेल्या वादकांनीं बुद्धिपुरस्सर स्वीकारलेला तो वेग होता. त्यांचा पहिला संग्रह १९८२ सालीं कॅसेटच्या रूपानें निघाला. त्यांत अतिद्रुत गाण्यांच्या मधून मधून जमैका बेटांतील 'रेगे' पद्धतीचीं संथ गाणीं येतात, आणि त्या विरोधामुळें दोन्ही प्रकारांना उठाव मिळतो.

गाण्याची घडण समजली म्हणजे तें ऐकणें सुकर होतें. पहिली गोष्ट संक्षेपाची. वॉशिंग्टनच्याच 'मायनर थ्रेट' ह्या बँडनें १९८१ सालीं प्रसिद्ध केलेलें 'स्ट्रेट एज' हें गाणें अवघ्या ४६ सेकंदांत संपतें. मादक पदार्थांवांचून आपलें कांहीं अडत नाहीं, एवढाच त्याचा आशय. परंतु ह्या पाऊण मिनिटाच्या गाण्यावरून व्यसनांपासून दूर राहणाऱ्या तरुणांच्या एका मोठ्या चळवळीला नांव मिळालें. दुसरी गोष्ट लयीची. द्रुत गतीनें धांवणारें गाणें मध्येंच एकाएकीं विलंबित होतें, आघातांमधील अंतर वाढतें, आणि गिटार जड पावलें टाकूं लागते. जाणते श्रोते ह्याच जागेची वाट पाहत असतात. समोर नाचणारा समुदाय येथेंच उसळतो. तबलजी समेवर आला म्हणजे मैफलींत ज्या माना डोलतात, त्या आनंदाचेंच हें अधिक दांडगें रूप म्हणतां येईल. तिसरी गोष्ट सामुदायिक घोषाची. पोवाड्यांत शाहिराचा चरण संपतां संपतां झीलकरी सूर उचलतात, त्याप्रमाणें येथेंहि मुख्य गायकाच्या ओळीचे शेवटचे शब्द बँडमधील सर्वजण एकदम घोषानें म्हणतात. भेद इतकाच कीं, येथें श्रोतेहि झीलकरी होतात. गायक आपला मायक्रोफोन पहिल्या रांगेंतल्या मुलाच्या तोंडासमोर धरतो, आणि तो मुलगा पुढची ओळ पूर्ण करतो.

रंगमंच व श्रोते ह्यांमधील ही जवळीक केवळ गाण्यापुरती नव्हती; व्यवहारांतहि ती उतरली होती. वॉशिंग्टनमधील 'टीन आयडल्स' हा मुलांचा बँड १९८० सालीं मोडला, तेव्हां जलशांतून सांठलेले सुमारे ६०० डॉलर त्यांच्यापाशीं होते. ही रक्कम आपसांत वांटून न घेतां तिच्यांतून आपल्या गाण्यांची तबकडी काढावयाची, असें त्यांनीं ठरविलें. त्यासाठीं ईअन मॅकाय, जेफ नेल्सन व त्यांचे सोबती ह्यांनीं 'डिस्कॉर्ड' ही संस्था काढली व प्रथम १,००० प्रती तयार करविल्या. सुरुवातीच्या तबकड्यांचीं वेष्टनें हीं मुलें स्वतः कातरीनें कापीत, घड्या घालीत आणि चिकटवीत. विक्रीचा पैसा आला कीं मित्रांच्या दुसऱ्या एखाद्या बँडची तबकडी निघे. पुढें १९८७ मध्यें मॅकाय ह्यांनीं 'फुगाझी' हा बँड स्थापन केला. त्याच्या जलशांचें तिकीट बहुधा पांच डॉलरांच्या आसपास ठेवलेलें असे, आणि वयाच्या कारणावरून कोणाला परत पाठवूं नये, असा त्यांचा आग्रह असे. आपलें संगीत कसें असावें, त्याची किंमत काय असावी आणि तें कोणापर्यंत पोंचावें, हें ठरविण्याचा अधिकार ह्या रीतीनें तें निर्माण करणारांच्या हातीं राहिला. ह्या संगीताचा खरा वारसा त्याच्या कर्कशतेंत नसून ह्या अधिकारांत आहे.

ह्यांतूनच एक अवघड प्रश्न उत्पन्न होतो. लहानशा दालनांत शंभर माणसांसमोर वाजणारें संगीत हजारों लोकांना आवडूं लागलें, मोठ्या कंपन्या पैसा घेऊन दारीं आल्या, तर तो वारसा टिकतो कीं नाहीं ? बाल्टिमोर शहरांतील 'टर्नस्टाइल' ह्या बँडच्या दोन संग्रहांत ह्या प्रश्नाची कसोटी लागली आहे. वॉशिंग्टनपासून सुमारें ६० किलोमीटरांवर असलेल्या ह्या शहरांत २०१० सालीं हा बँड निघाला. त्याचा 'ग्लो ऑन' हा संग्रह २०२१ च्या ऑगस्टमध्यें 'रोडरनर' ह्या कंपनीनें प्रसिद्ध केला. ही कंपनी वॉर्नर ह्या बलाढ्य संगीत-व्यवसायाची एक शाखा आहे. संग्रहांत १५ गाणीं असून तीं सुमारें ३५ मिनिटांत संपतात. म्हणजे संक्षेपाचा जुना नियम येथें पाळलेला आहे. परंतु जड गिटारींच्या मधून मऊ, तरंगते स्वर येतात, आणि दोन गाण्यांत देव हाइन्झ ह्या गायकाचा हळुवार आवाज ऐकूं येतो. २०२३ च्या ग्रॅमी पारितोषिकांसाठीं ह्या संग्रहांतील गाण्यांना तीन नामांकनें मिळालीं. अर्थात् हें हार्डकोअर उरलें काय, असा आक्षेप घेणारे जुने श्रोतेहि पुष्कळ निघाले.

ह्याच बँडचा 'नेव्हर इनफ' हा संग्रह २०२५ च्या जूनमध्यें निघाला, आणि तो ह्या मार्गानें आणखी पुढें गेला. 'बर्ड्स' हें गाणें जुन्या वळणाचें, थेट मैदानांत उतरविणारें आहे. 'सनशॉवर' हें गाणें तशाच वेगानें सुरू होतें. पण पुढें तें शांत होत जातें आणि शबाका हचिंग्स ह्या जाझवादकाच्या बांसरीवर विसावतें. 'लुक आउट फॉर मी' हें तर सहा मिनिटांहूनहि अधिक चालतें. संक्षेपाचा नियम येथें मोडला आहे; तरी द्रुतानंतर येणाऱ्या विसांव्याची जुनी जागा मोडलेली नाहीं, ती केवळ विस्तारली आहे. आक्षेप घेणारांना ह्या बँडनें जें उत्तर दिलें, तें मात्र संगीताबाहेरचें होतें. संग्रह प्रसिद्ध होण्यापूर्वीं, १० मे २०२५ रोजीं, त्यानें बाल्टिमोरमधील वायमन पार्क डेल ह्या सार्वजनिक बागेंत विनामूल्य जलसा केला. तिकीट कोणालाच नव्हतें. बेघरांना वैद्यकीय मदत करणाऱ्या शहरांतील एका संस्थेसाठीं देणग्या मात्र गोळा करण्यांत आल्या. पांच डॉलरांच्या तिकिटामागील वृत्ति मोठ्या कंपनीच्या छत्राखालींहि जिवंत राहूं शकते, असें ह्यावरून दिसतें. ती सर्वांच्याच बाबतींत राहील, असें म्हणवत नाहीं.

'टर्नस्टाइल'नें कडा गुळगुळीत केल्या असें ज्यांना वाटतें, त्यांनीं फिलाडेल्फियाच्या 'सोल ग्लो' ह्या बँडचा 'डायस्पोरा प्रॉब्लेम्स' हा २०२२ च्या मार्चमध्यें निघालेला संग्रह ऐकावा. ह्यांतील मुख्य गायक पिअर्स जॉर्डन इतक्या झपाट्यानें शब्द फेंकतो कीं, पाठ समोर ठेवल्यावांचून ते पुरते हातीं लागत नाहींत. तसा पाठ समोर ठेवावाच. कारण ह्या संग्रहाचें मोल त्याच्या शब्दांत आहे. कृष्णवर्णीय तरुणाच्या वांट्याला येणारी पैशाची ओढाताण, मनाचे क्लेश आणि वंशद्वेष ह्यांचें तें ज्वलंत कथन आहे. मधून मधून हिप-हॉपचे ताल आणि पाहुण्या गायकांचे आवाज येतात. 'बॅड ब्रेन्स'च्या नंतर चाळीस वर्षांनीं, हार्डकोअर हें केवळ गोऱ्या मुलांचें संगीत आहे हा गैरसमज ह्या संग्रहानें पुन्हां एकदां खोडून काढला.

'द लिंडा लिंडाज' ह्या लॉस एंजेलिसच्या बँडची हकीकत अधिकच हृद्य आहे. ह्या बँडमध्यें चार मुली : दोघी बहिणी, त्यांची चुलत बहीण व एक मैत्रीण. २०२१ च्या मे महिन्यांत त्यांनीं शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आपलीं गाणीं वाजविलीं, तेव्हां सर्वांत धाकटी दहा वर्षांची होती. शाळेंतील एका मुलानें तिला तिच्या चिनी वंशावरून हिणविलें होतें. त्या अपमानांतून तयार झालेलें एक गाणें त्या दिवशीं वाजविलें गेलें व त्याची चित्रफीत अल्पावधींत जगभर पसरली. त्यांचा 'ग्रोइंग अप' हा संग्रह २०२२ च्या एप्रिलमध्यें व 'नो ऑब्लिगेशन' हा २०२४ च्या ऑक्टोबरमध्यें निघाला. पहिल्यांत एक गाणें स्पॅनिश भाषेंत आहे, आणि एक चक्क घरच्या मांजरावर आहे. अपमानाचा राग आणि मांजराचें कौतुक हीं एकाच मनांत सुखानें नांदतात, हें बालपणाचें सत्य त्यांत सहज उतरलें आहे.

अमेरिकेबाहेरील दोन बँडांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्नच्या 'अमिल अँड द स्निफर्स' ह्या बँडचा 'कम्फर्ट टु मी' (२०२१) हा संग्रह महामारीच्या काळांत, एका घरांत कोंडून घेतलेल्या अवस्थेंत रचला गेला. गायिका एमी टेलर हिच्या आवाजांत रांगडा विनोद आहे. परंतु 'नाइफी' ह्या गाण्यांत तो विनोद मावळतो. रात्रीच्या वेळीं स्त्रीला बागेंतून निर्धास्तपणें चालतां यावें, एवढीच तेथें मागणी आहे, आणि ती इतकी साधी असल्यामुळेंच मनाला लागते. ह्या बँडचा पुढचा संग्रह 'कार्टून डार्कनेस' (२०२४) हाहि ऐकण्याजोगा आहे. लंडनच्या 'हाय व्हिस' ह्या बँडचा 'गायडेड टूर' (२०२४) हा वेगळ्या प्रकृतीचा. त्यांत हार्डकोअरच्या जोमाला जुन्या ब्रिटिश गिटार-संगीताच्या सुरेल चालींची जोड आहे, आणि विषय कष्टकरी वर्गांतील पुरुषांच्या मुक्या दुःखाचा आहे. 'माइंड्स अ लाय' ह्या गाण्यांत तर नृत्यगृहांतील ताल व एका स्त्रीचा आवाज येतो. पण त्यामुळें गाण्याची धग कमी होत नाहीं.

ह्या संगीताच्या बाजूनें बोलतांना त्याचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. समोरच्या नाचाला पुष्कळदां धक्काबुक्कीचें रूप येतें. त्यांत अंगानें दुबळा असेल तो, व बहुधा स्त्रिया, मागें रेटल्या जातात. सर्वांना समान प्रवेश असें म्हणावयाचें आणि पुढची जागा मात्र बळकटांनीं अडवावयाची, ही विसंगति ह्या चळवळीला प्रारंभापासून चिकटलेली आहे. शिवाय, ज्या बंडाचा एक ठराविक गणवेष व ठराविक आवाज बनतो, त्याचें रूढींत रूपांतर होण्यास वेळ लागत नाहीं. १९८१ च्या तबकड्यांची हुबेहूब नक्कल करणारे बँड आजहि शेंकड्यांनीं सांपडतील. ते बहुधा निष्ठावान असतात. पण निष्ठा म्हणजे निर्मिति नव्हे. वर सांगितलेले संग्रह निवडले ते ह्याच कारणास्तव. त्यांतील प्रत्येकानें जुन्या शिस्तींतला एखादा नियम पाळला आहे व एखादा मोडला आहे, आणि दोन्ही गोष्टी समजून उमजून केल्या आहेत.

नवख्या श्रोत्यानें प्रारंभ 'ग्रोइंग अप'पासून करावा. त्यांतील चाली सोप्या व प्रसन्न आहेत. नंतर 'ग्लो ऑन' ऐकावा, आणि कान सरावले म्हणजे 'डायस्पोरा प्रॉब्लेम्स'कडे वळावें. एका बैठकींत एकच संग्रह पुरे. आवाज कानांना इजा न होईल इतपतच ठेवावा, आणि गाण्याचे शब्द जवळ असूं द्यावे. इतकें केल्यावरहि हें संगीत सर्वांना रुचेल असें नाहीं. रुचावें असा त्याचा हट्टहि नाहीं. परंतु ज्यांच्यापाशीं पैसा नाहीं, उस्तादाची तालीम नाहीं आणि ज्यांना कोणी बोलावीत नाहीं, अशा मुलांनीं स्वतःच्या हातांनीं स्वतःचें व्यासपीठ उभारलें, आणि चाळीसहून अधिक वर्षें तें एका पिढीनें दुसऱ्या पिढीच्या स्वाधीन केलें, ही गोष्ट ज्याच्या ध्यानांत येईल, तो निदान उघडी खिडकी लगेच लावून घेणार नाहीं.