निवड न झालेल्या मुलाचा अर्ज

नवोदयच्या निवड परीक्षेचा निकाल लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या वस्त्यांमधून काही आईबाप माझ्याकडे येतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि आता तिथेच शिकवतो. तेव्हा कागद वाचायचा तर सरांकडून, असे लोकांनी ठरवून टाकले आहे. ‘वरून नाव आलं नाही’ एवढेच त्यांना गावात सांगितलेले असते. या ‘वरून’ शब्दाचीच माणसे हाय खातात. वर कोण बसले आहे आणि कारण काय, हे विचारता येते, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

जवाहर नवोदय विद्यालये १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली. खेड्यातल्या हुशार मुलांना मोफत निवासी शिक्षण मिळावे हा हेतू. आपल्या जिल्ह्याचे विद्यालय शेगावला आहे. सहावीच्या जागा फार तर ८० आणि परीक्षेला १३ तालुक्यांतली मुले. १०० पैकी ५० गुण मानसिक क्षमता चाचणीचे: आकृत्या जुळवा, वेगळी आकृती ओळखा. ज्याने त्या वर्षभर शिकवणीत गिरवल्या त्याची ‘उपजत बुद्धी’ दोन तासांत झळकते. ज्याने त्या परीक्षेच्या बाकावरच प्रथम पाहिल्या, तो सामान्य ठरतो. ही गुणवत्ता कोणाची, मुलाची की बापाच्या खिशाची?

पण अर्ज लिहिताना हा संताप बाजूला ठेवावा लागतो. नकार दोन प्रकारचे असतात. गुण कमी पडले म्हणून आलेल्या नकारावर फेरतपासणी नाही. उत्तरे यंत्र तपासते. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा माहितीचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे, तेवढी वाट उघडी. दुसरा नकार कागदांचा, आणि झगडायचे ते इथे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पण तिसरी ते पाचवीत मूल एक दिवस जरी शहरी शाळेत बसले तरी ते शहरी धरले जाते. वीटभट्टीवर गेलेल्या बापाने चार महिने पोराला तिथल्या शाळेत घातले, तर ते गाव कागदावर खेडे की शहर, यावर सगळे ठरते. म्हणून तिन्ही वर्षांच्या शाळांचे दाखले आधी तपासावेत.

राखीव जागांचेही तसेच. अनुसूचित जातींच्या जागा जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, १५ टक्क्यांहून कमी कधीच नाहीत. २०११ च्या जनगणनेत आपले प्रमाण सुमारे १८ टक्के आहे. शिवाय खुल्या यादीत गुणांवर आलेले मूल राखीव जागेत मोजायचे नसते. हा हिशेब मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

लेखी मागण्याला महत्त्व का, याचा दाखला जुना आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले आणि तरीही नकारच दिला. त्याला घेतले तर बाकीचे शाळा सोडतील, ही भीती. पण कागद होता म्हणून प्रकरण वर सरकले, आणि १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे बजावले. १९२८ मध्ये सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी हेच प्रकरण मांडले.

तेव्हा कार्यकर्त्यांनी पहिल्याच दिवशी दोन कागद लिहून द्यावेत. एक निवेदन प्राचार्यांना, प्रत पुण्याच्या विभागीय कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना. विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष तेच असतात. दुसरा, माहिती अधिकाराचा अर्ज: शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उत्तराला ३० दिवस, पहिले अपील त्यानंतर ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे. नुसत्या माहितीच्या अर्जावर विसंबलात तर महिनाभरात जागा प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या मुलाला जाते. म्हणून निवेदन आधी, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

सहावीची परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. मात्र आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, आणि ती फारशा वस्त्यांना ठाऊक नाही.