स्पोर्ट्‌स कारचा गिअरबॉक्स आणि सिंथेटिक तेल : फायदा कुठे, नुकसान कुठे?

डब्यावर ‘सिंथेटिक’ हा शब्द दिसला की गिऱ्हाईक जादा भाव द्यायला तयार होते. नुसत्या नावावर माल उचलणाऱ्याचे काय होते, हे आम्ही कापडाच्या बाजारात पाहिले आहे. गिअर ऑइलच्या बाजारातही तोच प्रकार आहे. इंजिनाला सिंथेटिक तेल मानवते, तेव्हा गिअरबॉक्सलाही तेच घालावे, असा अनेक कारमालकांचा समज असतो. हाताने गिअर टाकायच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये हा समज कधी फायद्याचा ठरतो, तर कधी गिअरबॉक्स उघडण्याची पाळी आणतो. गॅरेज, स्पेअर पार्ट्‌स वा ऑइलच्या धंद्यातील वाचकांनी यामागचे कारण जरूर समजून घ्यावे.

प्रथम गिअर कसा पडतो ते पाहू. आपण दांडा सरकवतो तेव्हा आतली एक कडी फिरत्या गिअरच्या निमुळत्या भागावर दाबली जाते. हिला सिंक्रो रिंग म्हणतात. बहुतेक गाड्यांत ती पितळेची असते. तिच्या घर्षणाने दोन्ही भागांचा वेग सारखा होतो आणि मगच दाते एकमेकांत बसतात. म्हणजे गिअरच्या दात्यांना वंगण हवे, पण या कडीला थोडी पकडही हवी. एकाच तेलाने ही दोन्ही उलटी कामे करायची असतात. तेल फार घट्ट असेल तर कडीखालून ते लवकर निघत नाही आणि गिअर जड पडतो. तेल फार निसरडे असेल तर कडी घसरते आणि गिअर ‘खर्र’ करतो.

सिंथेटिक तेलाचा खरा गुण असा, की ते थंडीत कमी घट्ट होते आणि उष्णतेत कमी पातळ होते. ते लवकर जळत वा बिघडतही नाही. ‘७५ डब्ल्यू’ तेलाची कसोटी उणे ४० अंश सेल्सिअसला होते, ‘८० डब्ल्यू’ची उणे २६ अंशांना. आकडा जितका लहान, तितके थंडीत वाहणे सोपे.

याचा फायदा माझदा एमएक्स-५ या १९८९ साली आलेल्या दोन आसनी जपानी गाडीत दिसतो. थंड सकाळी दुसरा गिअर अडतो, ही तिच्या मालकांची जुनी तक्रार. तिच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये सुमारे २ लिटर तेल लागते. त्यात चांगले सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० घातले की हा त्रास बराच कमी होतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

आता उलट बाजू पाहू. पोर्शे ९११ मध्ये १९७२ ते १९८६ या मॉडेलांत ‘९१५’ गिअरबॉक्स होता. त्याची सिंक्रो पद्धत पोर्शेची स्वतःची : चिरलेली पोलादी कडी आणि आत ब्रेकसारख्या पट्ट्या. ती संपूर्ण पकडीवर चालते. शिवाय गिअर आणि डिफरन्शियल एकाच घरात असल्याने सुमारे ३ लिटर तेल दोघांनाही पुरवायचे असते. या गिअरबॉक्सला निसरडे सिंथेटिक तेल सहसा मानवत नाही. म्हणून अमेरिकेतील अनेक जाणते मिस्त्री त्यात आजही स्वेप्को २०१ हे खनिज तेल घालतात. १९८७ च्या मॉडेलपासून जी-५० गिअरबॉक्स आला, त्याची सिंक्रो पद्धत निराळी आहे. गाडीचे नाव एकच, पण हिशेब दोन.

दुसरी चूक जीएल आकड्यांची. जीएल-५ हा जीएल-४ च्या वरचा दर्जा, असे समजून दुकानदार तो गळ्यात मारतात. वास्तविक दोघांची कामे वेगळी आहेत. जीएल-५ मध्ये गंधक व फॉस्फरसचा मसाला साधारण दुप्पट असतो. तो डिफरन्शियलच्या भारी दात्यांसाठी आहे. काही प्रकारचा मसाला तापल्यावर पितळी कडी खातो. हल्ली पितळेला न बाधणारी जीएल-५ तेलेही मिळतात, पण कडीला पकड मिळेलच असे नाही. आणि हे लक्षात ठेवा, की जीएल आकडा मसाल्याचा आहे. तेल सिंथेटिक की खनिज, याच्याशी त्याचा संबंध नाही.

सबब आमचे सांगणे असे. आधी गाडीचे पुस्तक पाहा, मग डबा. होंडा एस-२००० सारख्या गाडीला कंपनीने स्वतःचे खास तेल सांगितले आहे, तिथे स्वतःची अक्कल चालवू नये. तेल बदलताना आधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहावे, नंतर खालचा काढावा. नाहीतर तेल रिकामे आणि वरचा बोल्ट जाम, अशी फजिती होते. निघालेल्या तेलात सोनेरी चमक दाट दिसली, तर पितळी कडी झिजली असे समजावे. पोलादाचे तुकडे आले, तर दात्यांचे दुखणे आहे. झिजलेली कडी कोणत्याही तेलाने भरून येत नाही. अशा गिऱ्हाइकाला महागडा डबा विकून पाठवू नये, खरी गोष्ट सांगावी. डब्याचा नफा एका दिवसाचा असतो. खरे बोलणाऱ्या गॅरेजवाल्याकडे तेच गिऱ्हाईक पुन्हा येते आणि आणखी चार जणांना घेऊन येते.