‘सैराट’ : भिंत गरिबीची की जातीची?

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा मराठी चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि पाहता पाहता महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचला. त्यातील गाणी लग्नाच्या वरातीत वाजली, तरुण पोरे त्यावर बेभान होऊन नाचली. मात्र गाणी जितकी ऐकली गेली तितका त्या चित्रपटाच्या शेवटाचा विचार झाला नाही. दोन तरुण जिवांचा खून का झाला? मुलगा गरीब होता म्हणून, की तो हलक्या मानलेल्या जातीचा होता म्हणून? हे दोन्ही प्रश्न वरवर एकच वाटतात. परंतु त्यांच्या उत्तरावर आपल्या चळवळीची दिशा अवलंबून आहे. म्हणून विद्यार्थी मित्रांसाठी व समाजबांधवांसाठी हा लेखनप्रपंच.

कथानक थोडक्यात

मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊर गावचे. त्याच परिसरात कथेचा पूर्वार्ध घडतो. परशा हा मासेमारी करणाऱ्या गरीब घरातला, अभ्यासात व क्रिकेटमध्ये हुशार मुलगा. आर्ची ही गावचे पुढारी तात्या पाटील यांची मुलगी. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, कोणाला भीत नाही. दोघांचे प्रेम उघडकीस येताच मारहाण सुरू होते. आर्चीचा भाऊ प्रिन्स हा वर्गात शिकविणाऱ्या लोखंडे सरांच्या थोबाडीत मारतो, तरी त्याचे कोणी काही वाकडे करू शकत नाही. या एका प्रसंगातून गावातील सत्ता कोणाच्या हाती आहे ते कळते. शिक्षण, पदवी, नोकरी असूनही सर ‘लोखंडे’च राहतात.

दोघे पळून हैदराबादला जातात. तेथे सुमन अक्का नावाची बाई त्यांना आधार देते. परशा डोसे करू लागतो, आर्ची कारखान्यात कामाला जाते. रजिस्टर पद्धतीने लग्न होते, मूल होते, हळूहळू संसार सावरतो. आर्ची आईला फोन करते. त्यानंतर भाऊ व नातेवाईक आईने पाठविलेल्या भेटवस्तू घेऊन दारात येतात. चहापाणी होते. शेवटी त्या घरात रक्त आणि एका लहान लेकराची पावले एवढेच उरते.

एक स्पॅनिश कादंबरी व आपला फरक

कोलंबियाचे लेखक गॅब्रिएल गार्सिया मार्क्वेझ यांची ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’ या नावाने इंग्रजीत गाजलेली कादंबरी १९८५ साली स्पॅनिश भाषेत प्रसिद्ध झाली. तिचा नायक फ्लोरेंतिनो हा तारखात्यातला साधा नोकर. त्याचे फर्मिना नावाच्या मुलीवर प्रेम बसते. मुलीच्या बापाला तिचे लग्न बड्या घरात करायचे असते, म्हणून तो तिला दूरच्या प्रवासाला घेऊन जातो. परत आल्यावर मुलगी स्वतःच नकार देते व एका नामांकित डॉक्टरशी विवाह करते. पुढे हाच नोकर बोटींच्या कंपनीत वर चढत जातो, मालकपदाला पोहोचतो. पन्नासहून अधिक वर्षांनी, डॉक्टरांच्या मृत्यूनंतर, म्हातारपणी दोघे एकत्र येतात.

तिथली भिंत वर्गाची होती. पैसा व हुद्दा मिळवून माणूस त्या भिंतीवर चढू शकला. आता परशाकडे पाहा. तोही कष्ट करून वर येत होता. पोट भरत होते, घर उभे राहत होते. गरिबी हेच कारण असते तर राग वर्षागणिक निवळायला हवा होता. प्रत्यक्षात मारेकरी आले ते संसाराची घडी बसल्यावर! म्हणजे गरिबीने परशाला छळले हे खरे असले, तरी त्याचा जीव घेतला तो जातीने. पैशाने वर्ग बदलतो. जात बदलत नाही. २०१८ साली याच कथेवर ‘धडक’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात जातीचा प्रश्न पुसट झाला आणि उरली फक्त श्रीमंत-गरिबांची प्रेमकथा.

बाबासाहेबांचे विश्लेषण

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे, की जातीच्या आतच लग्न करण्याचा दंडक हाच जातिसंस्थेचा खरा आधार होय. हा दंडक टिकवायचा तर स्त्रीवर पहारा बसविणे ओघानेच आले. आर्चीच्या घरच्यांना परशापेक्षा अधिक राग आर्चीचा का येतो, त्याचे उत्तर येथे सापडते. तिने स्वतःची निवड स्वतः केली, हाच तिचा गुन्हा.

पुढे १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिले. मंडळाने अधिवेशनच रद्द केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले. त्यात सहभोजन पुरेसे नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, आणि त्यासाठी जातीला पवित्र ठरविणाऱ्या शास्त्रांवरील श्रद्धा सुटली पाहिजे, असे त्यांनी मांडले. एका ताटात जेवणारे पुष्कळ भेटतात. मुलगी देण्याची वेळ आली की खरी परीक्षा होते.

हे सारे पडद्यावरच घडते असे कोणी समजू नये. २८ एप्रिल २०१४ रोजी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा, वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या कारणावरून, खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले.

विद्यार्थ्यांना ठाऊक असावे असे

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जात व धर्म कोणताही असो, सज्ञान स्त्री-पुरुषांस विवाह करता येतो. मुलाचे वय २१ व मुलीचे १८ पूर्ण हवे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते व तीस दिवसांनंतर तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. आई-वडिलांची संमती कायद्याने आवश्यक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली लता सिंह प्रकरणात व २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी प्रकरणात अशा जोडप्यांच्या संरक्षणाची जबाबदारी पोलीस-प्रशासनावर टाकली. प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असेही सांगितले. आंतरजातीय विवाहासाठी शासनाची प्रोत्साहनपर अर्थसाहाय्य योजनाही आहे. तिची चौकशी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण कार्यालयात करावी.

कायद्याइतकीच गरज आर्थिक स्वावलंबनाची आहे. बँकेच्या काउंटरवर रोज दिसते, की खाते मुलीच्या नावावर असते आणि पासबुक बापाच्या किंवा भावाच्या खिशात. आर्ची कारखान्यात कामाला गेली म्हणून तिचा संसार तगला. आपल्या मुलींनी शिकावे, कमवावे आणि आपला पैसा आपल्या हाती ठेवावा.

आपल्या घरात डोकावू या

पटाचारा थेरीची कथा आपणांस ठाऊक आहे. ती श्रावस्तीच्या श्रेष्ठीची कन्या. आई-वडिलांनी तोलामोलाच्या घरी लग्न ठरविताच ती घरातल्या नोकराबरोबर निघून गेली. पुढे पती, दोन्ही मुले, आई-वडील व भाऊ असे सारे गमावून ती वेडीपिशी झाली. लोकांनी तिला हाकलले. तथागतांनी मात्र जवळ येऊ दिले. तू कोणाबरोबर पळालीस, असे विचारले नाही. भानावर ये, एवढेच म्हटले. हीच पटाचारा पुढे विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत अग्रगण्य ठरली.

तेव्हा तात्या पाटलाला नावे ठेवून आपले काम संपत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपण जात टाकली. तरीही स्थळ पाहताना पूर्वीची पोटजात हळूच विचारली जाते. मातंग किंवा चर्मकार घरातले, शिकलेले, निर्व्यसनी स्थळ आले तर कपाळाला आठ्या पडतात. बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरात मुलीचे प्रेम कळताच तिचे कॉलेज बंद होते. मग आपल्यात आणि त्या पाटलात फरक तो काय?

आपल्या संस्थेने वधू-वर मेळाव्याच्या अर्जातील पोटजातीचा रकाना असल्यास काढून टाकावा. आंतरजातीय विवाह केलेल्या जोडप्यांचा जाहीर सत्कार करावा आणि घराबाहेर काढलेल्यांना चार दिवस आसरा देणारी सुमन अक्का प्रत्येक वस्तीत उभी करावी. मुलाबाळांनी आपल्याला येऊन मनातले सांगावे, एवढा विश्वास आई-वडिलांनी कमवावा. त्यांच्या जिवाला खरे संरक्षण तेच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!